एका ठिगळाची परीक्षा

उत्तरपत्रिका तपासण्याचें काम मी गेलीं अठ्ठावीस वर्षें करीत आहें. या कामाविषयीं कोणी कांहींही म्हणो, त्यांत एक मोठें सुख आहे, आणि तें हें कीं, चूक ज्याची त्यालाच भोंवते. विद्यार्थ्यानें समीकरण सोडवितांना उणें चिन्ह गाळलें, मीं दोन गुण कापले, प्रकरण मिटलें. त्या गाळलेल्या चिन्हामुळें कोणाचा पूल पडत नाहीं कीं कोणाचें गलबत बुडत नाहीं. माझ्या नजरेंतून ती चूक सुटलीच, तर नुकसान फार तर विद्यापीठाच्या पावित्र्याचें. आणि त्या पावित्र्यानें आजवर इतकें सोसलें आहे कीं आणखी दोन गुणांनीं त्याचें कांहीं बिघडत नाहीं.

परंतु गेल्या नऊ-दहा वर्षांपासून मीं आणखी एक परीक्षकी अंगावर घेतली आहे, आणि तिच्यांत हें सुख औषधालाही नाहीं. मी ज्या शास्त्राचा अध्यापक आहें त्या संगणकशास्त्रांत 'कंपायलर' म्हणून एक चीज आहे. मनुष्य आपला प्रोग्राम जराशा मानवी वाटणाऱ्या भाषेंत लिहितो; यंत्राला मात्र एक आणि शून्य यांपलीकडचें कांहीं उमगत नाहीं. या दोघांमध्यें बसलेला जो दुभाष्या, तो कंपायलर. असे कांहीं दुभाषे खाजगी मालकीचे असतात, आणि कांहीं गांवच्या विहिरीसारखे सर्वांचे असतात. देशोदेशींचे शेंकडों लोक त्यांची डागडुजी करतात. अशाच एका सार्वजनिक दुभाष्याच्या एका कोपऱ्याची राखण मजकडे आहे. त्यांत कोणीं बदल सुचविला म्हणजे त्या बदलाला 'पॅच' म्हणतात. पॅच म्हणजे ठिगळ. आणि हा शब्द नुसता अलंकारिक नाहीं. प्रोग्राम जेव्हां कागदी फितीवर भोकें पाडून लिहीत असत, तेव्हां चुकलेल्या भोकांवर खरोखरीच कागदाचा तुकडा चिकटवीत. आतां फीत गेली, भोकें गेलीं, ठिगळ तेवढें राहिलें. रीत अशी कीं, ठिगळ ज्यानें शिवलें त्यानें तें परस्पर लावूं नये. दुसऱ्या कोणीं तरी तें ओळ न् ओळ वाचावें आणि 'हरकत नाहीं' असें लिहून द्यावें. असें लिहून देणाऱ्या थोड्या लोकांत मी एक आहें. या कामाला वेतन नाहीं, मानधन नाहीं, आणि आमच्या घरांतील मताप्रमाणें अर्थही नाहीं.

वाचक म्हणतील, भाषांतरांत एवढें जोखमीचें काय आहे? जोखीम ही कीं, हा दुभाष्या भाषांतर करून थांबत नाहीं. तो मूळ लेखकाचें लिखाण सुधारतो. ही खोड त्याला जन्मापासूनची आहे. आय्. बी. एम्. कंपनींतील जॉन बॅकस व त्यांची मंडळी यांनीं १९५७ सालीं ७०४ या यंत्रासाठीं फोरट्रान भाषेचा कंपायलर तयार केला. त्या काळचे प्रोग्राम लिहिणारे यंत्राची भाषा स्वतःच्या हातानें लिहीत, आणि त्या हस्तकौशल्याचा त्यांना केवढा तरी अभिमान असे. यंत्रानें केलेलें भाषांतर आपल्या लिखाणापुढें लंगडणार, अशी त्यांची खात्रीच होती. आपल्या कंपायलरचें भाषांतर हातच्या लिखाणाच्या तोडीनें धांवलें नाहीं तर या नव्या भाषेला कोणी विचारणार नाहीं, हें बॅकस यांना पक्कें ठाऊक होतें. म्हणून भाषांतराच्या जोडीला काटकसर आली. आणि काटकसरीला सर्वांत सुपीक जमीन सांपडली ती 'लूप'मध्यें.

लूप म्हणजे फेरा. एकच कृति पुनःपुन्हां करावयाची असली कीं ती एकदांच लिहावयाची, आणि यंत्राला सांगावयाचें कीं, अमुक होईपर्यंत फिरत राहा. यंत्राचा बराचसा वेळ अशा फेऱ्यांतच जातो. फेरा दहा लाख वेळां फिरणार असेल आणि त्यांतली एक कृति तुम्हीं कमी केली, तर दहा लाख कृति वांचल्या. अर्धी मात्रा वांचली तरी आमच्या वैयाकरणांना मुलगा झाल्याइतका आनंद होतो असें म्हणतात. हा तर मात्रांचा डोंगरच.

ही काटकसर कशी करतात तें मला प्रथम कोणत्याही पुस्तकानें शिकविलें नाहीं. तें मीं आईच्या स्वयंपाकघरांत पाहिलें. कोणी पाहुणे येणार असा निरोप आला कीं ती कोठीच्या खोलींतून गूळ, डाळी, तूप सारें एकदांच काढून आणून चुलीजवळ मांडून ठेवी. दर घाण्याला कोठीकडे धांवणाऱ्या आमच्या काकूची ती थट्टा करी. जी वस्तु दर फेऱ्याला तीच लागते ती फेऱ्याआधीं एकदांच आणावी, एवढेंच तें शास्त्र. माझ्या कोपऱ्यांतल्या कामाचा अर्धा भाग याच एका युक्तीनें व्यापला आहे. परंतु आई एक गोष्ट कधींही आधीं करीत नसे. ती नारळ फोडून ठेवीत नसे. नारळ सोलून, शेंडी काढून कोयत्याशेजारीं ठेवलेला असे, आणि पाहुण्यांचें पाऊल अंगणांत वाजलें कीं मगच तो फुटे. नदीला पूर आला, एस्. टी. अडकली, पाहुणे आलेच नाहींत, तर? काढलेला गूळ पुन्हां डब्यांत जातो. फुटलेला नारळ पुन्हां जुळत नाहीं.

गणितांतल्या कृतींतही असे गूळ आणि नारळ आहेत. बेरीज, गुणाकार हा गूळ. आधीं करून ठेवला आणि लागला नाहीं, तर फार तर थोडी मेहनत फुकट. भागाकार हा मात्र नारळ आहे, कारण भाजक शून्य निघाला तर? भास्कराचार्यांनीं शून्यानें भागलेल्या राशीला 'खहर' हें नांव देऊन तिला अनंताच्या पंक्तीस बसविलें. आजच्या यंत्राची एवढी ऐपत नाहीं. पुष्कळ यंत्रें त्या जागीं तत्काळ प्राण सोडतात. म्हणून जो भागाकार मूळ प्रोग्राममध्यें झालाच नसता तो कंपायलरनें काटकसरीच्या भरांत आधीं करून ठेवला, तर बिचाऱ्या लेखकाचा निर्दोष प्रोग्राम मरून पडतो.

हें शास्त्र ज्यांनीं उभें केलें त्यांत फ्रान्सिस ॲलन या बाईंचें नांव अगदीं पहिल्या रांगेंतलें. गणिताची उच्च पदवी घेतल्यावर शिक्षणाचें कर्ज फेडण्यापुरती त्यांनीं १९५७ सालीं आय्. बी. एम्. ची नोकरी धरली; पुढें त्यांना परत शिक्षकीण व्हावयाचें होतें. पहिलें काम मिळालें तें तेथल्या शास्त्रज्ञांना नवी फोरट्रान शिकविण्याचें. शिकवावयाचें म्हणून त्यांनीं त्या कंपायलरचें मूळ लिखाणच वाचावयास घेतलें, आणि त्यांतच त्या रमल्या. कर्ज यथाकाल फिटलें असेल; बाई २००२ पर्यंत तेथेंच राहिल्या. २००६ चें ट्यूरिंग पारितोषिक त्यांना मिळालें. तें मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. ही हकिगत मी दर वर्षीं वर्गांत सांगतों, आणि त्यांतल्या त्यांत आवडीनें सांगतों तें त्यांच्या वाचनाचें. मुलें पारितोषिकाची रक्कम विचारतात.

असो. आषाढांतल्या एका शुक्रवारीं संध्याकाळीं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा निरोप आला. दहा-बारा वर्षांपूर्वीं हा मुलगा शेवटच्या बांकावर, खिडकीशीं बसत असे. प्रश्न विचारला तर उभा राही, उत्तर बरोबर देई आणि तें चुकल्यासारखा खालीं बसे. आतां तो बंगळूरला एका कंपनींत आहे. "सर, माझा एक पॅच आहे. सवड मिळाली तर मंगळवारच्या आंत तेवढा पाहाल का?" एवढाच निरोप. त्या 'तेवढा' शब्दामागें काय होतें तें मला त्याच्याच एका वर्गमित्राकडून कळलें. मंगळवारीं आमच्या कंपायलरच्या नव्या आवृत्तीचें दार बंद होणार होतें. कंपनीनें या मुलाला प्रथमच अशा कामावर घालून पाहिलें होतें. ठिगळ या आवृत्तींत लागलें तर त्या गटांत त्याची कायमची जागा होणार, नाहीं तर पुन्हां जुन्या टेबलावर. त्यानें यांतलें एक अक्षरही मला कळविलें नव्हतें. कळवितें तर बरें झालें असतें. मला थोडें रागावतां आलें असतें.

ठिगळ लहान होतें. शंभर-सव्वाशें नव्या ओळी, तीसएक खोडलेल्या. आमचा कंपायलर भागाकाराच्या बाबतींत फार भित्रा होता. फेऱ्यांतला भागाकार फेऱ्यांतच ठेवून देत असे. यंत्राला भागाकारास बेरजेच्या कितीतरी पट वेळ लागतो, तेव्हां ही भीति महागच पडे. या मुलानें दाखविलें होतें कीं, भाज्य आणि भाजक दोन्ही फेऱ्याभर बदलत नसतील, तर कित्येक ठिकाणीं भागाकार फेऱ्याच्या दारापुढें एकदांच करून ठेवतां येतो. लिखाण स्वच्छ, टिपा नेमक्या, नांवें अर्थपूर्ण. मला त्याची ती खिडकीशीं बसण्याची पद्धति आठवली, आणि माझें मन वाचण्याआधींच अनुकूल झालें. परीक्षकाला यासारखा दुसरा धोका नाहीं. विद्यापीठ उत्तरपत्रिकेवरचें नांव झांकतें तें उगीच नव्हे.

मीं प्रथम पाहिली ती माझी नेहमींची जागा. 'फेरा एकदांही फिरला नाहीं तर?' हा प्रश्न मी दर वर्षीं फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहितों आणि तास संपेपर्यंत पुसूं देत नाहीं. पाहुणे न येण्याचा प्रकार तो हाच. पाहतों तों तो प्रश्न ठिगळांत अगदीं दर्शनी भागीं सोडविलेला! फेरा निदान एकदां फिरणार अशी खात्री असेल तरच भागाकार बाहेर काढावा, अशी अट होती, आणि तिच्यावर एका ओळीची टीपही होती. ती टीप वाचून मला काय वाटलें तें सांगावयास संकोच वाटतो. अठ्ठावीस वर्षें खडू झिजविल्यावर आपली एक ओळ दुसऱ्याच्या हातून जगांत गेलेली दिसली, तर मास्तर मनुष्याचा पाय जमिनीवर राहत नाहीं. शिवाय परदेशांतल्या एका जाणत्या परीक्षकानें आधींच 'छान' असें लिहून ठेवलें होतें. आपोआप चालणाऱ्या हजारों चांचण्या झाल्या होत्या, आणि सर्वांपुढें हिरवी खूण होती. मीं संमतीचीं दोन वाक्यें टंकलिखित केलीं आणि यंत्र तसेंच झांकून ठेवलें.

संमति त्याच रात्रीं पाठवावयाची नाहीं, हा माझा नियम आहे, आणि तो मला फार महाग पडून मिळाला आहे. सहा वर्षांपूर्वीं असेंच एक ठिगळ मीं घाईनें पास केलें. पुढें तीन-चार महिन्यांनीं एका परदेशी विद्यार्थ्याचें पत्र आलें. नद्यांच्या पाण्याचा कांहीं तरी हिशेब तो करीत असे, आणि प्रत्येक तक्त्याची शेवटची रकम तेवढी चुके. त्यानें आधीं स्वतःचा प्रोग्राम दहा वेळां तपासला. मग मोजणीचे आंकडे चुकीचे असतील म्हणून ते पुन्हां मागविले. मग आपल्या गुरूच्या सूत्रावर संशय घेतला, आणि त्यावरून दोघांत कांहीं बोलाचालीही झाली. दुभाष्याच खोटें बोलत असेल, ही शंका त्याला सर्वांच्या शेवटीं आली. ती कोणालाही शेवटींच येते. यंत्र बंद पडलें तर मनुष्य यंत्राला शिव्या देतो; यंत्रानें शांतपणें चुकीचें उत्तर दिलें तर तो स्वतःला दोष देत बसतो. त्या ठिगळाखालीं माझी संमति होती. पत्रांत रागाचा शब्द नव्हता. उलट, आपल्याला त्रास दिल्याबद्दल क्षमा असावी, असें शेवटीं लिहिलें होतें. तें पत्र मीं जपून ठेवलें आहे, पण पुन्हां वाचलेलें नाहीं.

शनिवारीं सकाळीं पाऊस धरूनच होता. चहाचा पेला घेऊन मीं तें ठिगळ पुन्हां वाचावयास घेतलें; या वेळीं ओळी वाचण्यापेक्षां ओळींत जें नव्हतें तें वाचूं लागलों. कागदावर सहा ओळींचा एक फेरा मीं लिहिला. त्यांत असें कीं, दर फेऱ्याला प्रथम पाहावें, भाजक शून्याहून मोठा आहे का. असेल तरच भागाकार करावा. नसेल तर पुढें जावें. शहाण्या, जपून लिहिणाऱ्या मनुष्याचा फेरा. आतां ठिगळाच्या बुद्धीनें मी चालूं लागलों. भाज्य-भाजक बदलत नाहींत? नाहीं. फेरा निदान एकदां फिरणार? फिरणार. मग काढा भागाकार बाहेर. निघाला. आणि ज्या अटीनें त्याला राखलें होतें ती अट आंतच राहिली! देवडीवर पहारेकरी उभाच, आणि ज्याला अडवावयाचें तो त्याच्या आधींच वाड्यांत शिरलेला. फेरा फिरतो एवढ्यावरून तो आपल्या पोटांतल्या प्रत्येक ओळीपर्यंत पोंचतोच असें नाहीं. पाहुणे आले खरे, पण त्यांचा उपास निघाला.

पेल्यांतला चहा गार झाला. मीं उठून कपाटांतलीं माझीं जुनीं टिपणें काढलीं. कडा पिवळ्या पडलेलीं, दर वर्षीं नवी तारीख घातलेलीं. 'फेरा एकदांही फिरला नाहीं तर?' होतें. 'फेरा फिरला, पण या ओळीपर्यंत आला नाहीं तर?' कोठेंच नव्हतें. माझ्या साऱ्या उदाहरणांत फेऱ्याचें पोट सरळसोट, आंत एकही अट नाहीं. फळ्यावर तेवढीच जागा असते. मीं जें शिकविलें होतें तें त्या मुलानें तंतोतंत केलें होतें, आणि जें शिकविलें नव्हतें तेथेंच तो पडला होता. ठिगळ त्यानें शिवलें होतें. कापड माझ्याच दुकानचें होतें.

कॉलेजांत जाऊन मीं प्रयोग करून पाहिला. प्रयोगशाळेंतलें आमचें जुनें इंटेलचें यंत्र त्या सहा ओळींवर एका क्षणांत मेलें, आणि मरतांना त्यानें पडद्यावर 'फ्लोटिंग पॉईंट एक्सेप्शन' असें लिहिलें. दशांश अपूर्णांकांचा त्या प्रोग्रामशीं कसलाही संबंध नव्हता; पूर्णांकाच्या भागाकारावर मेलेलें यंत्रही त्या प्रणालींत हेंच कारण लिहून जातें. मृत्यूच्या दाखल्यावर भलताच रोग लिहिण्याची चाल केवळ माणसांतच आहे असें नाहीं. मग माझ्या ध्यानांत आलें कीं, त्या मुलाचें यंत्र आर्म जातीचें आहे. त्या नव्या जातीचें यंत्र शून्यानें भागावयास सांगितलें तर मरत नाहीं. उत्तराच्या जागीं मुकाट्यानें शून्य ठेवतें आणि पुढें चालूं लागतें. म्हणजे त्याच्या टेबलावर ही चूक जन्मभर दिसली नसती. आणि त्या हजारों हिरव्या खुणांत असा सहा ओळींचा फेरा कोणीं घातलेलाच नव्हता.

पत्र मीं तीनदां लिहिलें. पहिल्या खर्ड्यांत मी प्राध्यापक होतों, तो फाडला. तरुणपणीं माझा एक निबंध एका नियतकालिकानें एका ओळीच्या शेऱ्यासह परत पाठविला होता, 'पुरेसें नवीन नाहीं'. त्यांत नवीन काय कमी आहे हें मी आजही झोंप येत नसली कीं शोधीत असतों. म्हणून तिसऱ्या खर्ड्यांत आधीं त्याचें जें बरोबर होतें तें लिहिलें, मग त्या सहा ओळी दिल्या, आणि शेवटीं उपायही सुचविला: फेऱ्याच्या दाराशीं भाजक शून्य नाहीं एवढें पाहून घ्यावें, आणि मग भागाकार खुशाल बाहेर काढावा. दुपारीं बारा वाजतां पत्र गेलें. मंगळवारला अजून तीन दिवस होते. एवढ्यांत होईल, असें मीं मनाला सांगितलें.

शनिवार गेला, रविवार गेला, उत्तर नाहीं. रविवारीं रात्रीं जेवतांना मंडळी म्हणाल्या, "मुलाचें नुकसान करून बसलां वाटतें?" मीं वरण मागितलें.

सोमवारीं रात्रीं साडेअकराला त्याचा फोन आला. आवाज थकलेला होता, पण शेवटच्या बांकावरचा नव्हता.

"सर, मला आधीं वाटलें कीं तुमचा फेरा काल्पनिक आहे. असें कोण लिहितें? आणि लिहिलें तरी, शून्यानें भागणें ही त्या लेखकाची चूक. १३ सालीं जी. सी. सी. नें तसेंच म्हटलें होतें कीं नाहीं?"

तो काय म्हणत होता तें वाचकांना सांगितलें पाहिजे. जी. सी. सी. नांवाच्या प्रसिद्ध कंपायलरची ४.८ ही आवृत्ति २०१३ सालीं निघाली. यंत्रांचा वेग मोजण्यासाठीं प्रमाण मानलेल्या प्रोग्रामांच्या एका संचांत चलच्चित्रें दाबून लहान करणारा एक प्रोग्राम होता. त्यांत सोळा घरांची एक ओळ वाचणारा फेरा होता, आणि तो शेवटच्या खेपेला सतराव्या, म्हणजे नसलेल्या, घरांत डोकावत असे. डोकावून कांहीं करीत नसे, पण डोकावे. नव्या आवृत्तीनें वकिली विचार केला: या भाषेंत नसलेल्या घरांत पाहण्यास सक्त मनाई आहे, लेखक सज्जन आहे, अर्थात् तो सतराव्या घरांत कधींच पाहणार नाहीं, अर्थात् मोजणी सोळाच्या आंतच राहणार, मग 'सोळा झाले का' हें विचारावेंच कशाला? तिनें तो प्रश्नच काढून टाकला, आणि तो फेरा अखंड फिरत राहिला. त्यावर बरीच चर्चा झाली. पण कायद्यानें बाजू कंपायलरची होती.

मीं म्हटलें, "तेथें लेखकानें नियम मोडला होता. येथें त्यानें पहारेकरी उभा केला आहे. त्याच्याकडून काय चुकलें?"

बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग तो म्हणाला, "पटलें, सर. कालच पटलें होतें. उत्तर द्यावयाला उशीर त्याचा नाहीं झाला." पुन्हां थोडा थांबून, "सर, रागावूं नका. पण तुमचा उपायही बरोबर नाहीं."

"कां?"

"भाजक उणें एक असला तर?"

मला क्षणभर कांहीं उमगेना. उणें एकानें भागावयास काय हरकत? चिन्ह बदलतें, एवढेंच. पण तो शांतपणें सांगूं लागला, आणि मी फोन कानाशीं धरून कागद शोधूं लागलों. बत्तीस अंकस्थानांच्या पूर्णांकाला यंत्रांत उण्या बाजूला २१४७४८३६४८ पर्यंत जागा असते; अधिक बाजूला मात्र एक कमी, २१४७४८३६४७ पर्यंतच. सर्वांत तळच्या उण्या संख्येला उणें एकानें भागलें, तर येणारें उत्तर अधिक बाजूला एका घरानें बाहेर पडतें. तें ठेवावयास जागा नाहीं; आणि आमच्या प्रयोगशाळेंतलें तें जुनें यंत्र अशा वेळींही, शून्यानें भागल्यासारखेंच, प्राण सोडतें. माझ्या त्या सहा ओळींतल्या जपून लिहिणाऱ्या लेखकानें 'शून्याहून मोठा' अशी अट घातली होती, म्हणजे उणें एकालाही अडविलें होतें. मीं दाराशीं बसविलेला नवा पहारेकरी फक्त शून्याला ओळखत होता.

"तुमचा उपाय घालून मीं एका मित्राच्या इंटेलवर चालवून पाहिलें," तो म्हणाला, "मेलें. म्हणून दोन दिवस बसलों होतों."

मी मोठ्यानें हांसलों. आंतल्या खोलींतून "काय झालें?" अशी विचारणा झाली. तो मात्र हांसला नाहीं. तो म्हणाला, "आतां उद्यांपर्यंत होणार नाहीं, सर." त्यावर मला कांहीं सुचलें नाहीं. "होणार नाहीं," एवढेंच मी म्हणालों.

मंगळवारीं दार बंद झालें, आणि नवी आवृत्ति त्याच्या ठिगळाशिवाय निघाली. परदेशांतल्या त्या परीक्षकानें आपलें 'छान' खोडून तेथें 'मलाही दिसलें नव्हतें' असें लिहिलें. याबद्दल माझ्या मनांत त्याच्याविषयीं आदर आहे. पुढें दोन महिन्यांनीं ठिगळ पुन्हां आलें, तें चाळीसेक ओळींचें. सारी चतुराई त्यानें काढून टाकली होती. फेरा ज्या ओळीवर निश्चित येणारच, तेथलाच भागाकार बाहेर काढावयाचा, एरव्हीं हात लावावयाचा नाहीं. वेगाचा फायदा पहिल्यापेक्षां बराच कमी झाला. मीं तें दोन रात्री ठेवून घेतलें आणि मग संमति दिली. कंपनींत त्या वर्षीं त्याची ती जागा झाली नाहीं. दुसऱ्या एका मुलाची झाली. हें मला त्याच वर्गमित्राकडून कळलें. पुढल्या वर्षीं त्याची झाली. दोन्ही वेळां त्यानें मला स्वतः होऊन कांहीं कळविलें नाहीं, आणि मींही विचारलें नाहीं.

टिपणांत मीं एक पान वाढविलें आहे. फळ्यावर आतां अट असलेला फेरा काढतों. जागा पुरत नाहीं म्हणून अक्षर बारीक काढावें लागतें, आणि शेवटच्या बांकावरून तक्रार येते.

गेल्या महिन्यांत त्याचा फोन आला. माझेंच एक ठिगळ मार्चपासून परीक्षकाची वाट पाहत पडून होतें. माझ्यासारख्या वयोवृद्धाचें लिखाण तपासावयास लोक सहसा पुढें येत नाहींत. "सर, तेवढें मी पाहूं का?" त्यानें विचारलें. मीं म्हटलें, पाहा. काल रात्रीं त्यानें नऊ आक्षेप पाठविले आहेत. चार मीं मान्य करून टाकले. पांचवा मला अजून कळलेला नाहीं.